पासपोर्टवाली

माझ्या मुलीला शाळेनं परदेशी ठरवलंय, हे मला कबड्डीच्या यादीवरून कळलं. जिल्ह्याला जाणाऱ्या बारा जणींत प्रेरणाचं नाव होतं, पण खोडलेलं. शेजारी शेरा: 'परदेशी विद्यार्थी, अपात्र'. दुरुस्तीला मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत.

तिचे बाबा मस्कतला क्रेन चालवायचे, तेव्हा ती तिथं जन्मली. आठ महिन्यांची असताना आम्ही वराळ्याला परतलो. त्यानंतर पोरीनं लोणावळ्यापलीकडं पाऊल टाकलेलं नाही.

सासूबाई आणि प्रेरणाला घेऊन मी साडेतीनला शाळेच्या ऑफिसात पोचले. क्लार्क सुहास सर स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाले, "जन्मदेश ओमान टाकला की सिस्टीम आपोआप परदेशी धरते."

"जन्म तिथला, पण नागरिक इथलीच ना!" मी तिचा पासपोर्ट टेबलावर आपटला. आत छापलंय, राष्ट्रीयत्व भारतीय.

ते गालात हसले. "ताई, तेच तर सांगतोय. पासपोर्ट आहे म्हणजे केस बाहेरचीच. वर्गातल्या दुसऱ्या एका तरी मुलीकडं पासपोर्ट आहे का?"

माझं डोकंच फिरलं. "मग त्यांना भारतीय कशावरून लिहिलंत?"

"त्यांचं काय, दिसतंच की."

सासूबाईंनी प्रेरणाचं मनगट धरून तिला पुढं ओढलं. "आन हिचं दिसत न्हाई व्हय? गुडघं बगा पोरीचं. हितल्याच मातीत सोलल्यात, मस्कतात न्हाई!"

सरांनी माझा दुरुस्तीचा अर्ज ठेवून घेतला. सही मुख्याध्यापकांची लागणार आणि ते मीटिंगमध्ये. आम्ही बाकावर बसून राहिलो. पाच वाजले, यादी गेली. प्रेरणानं जर्सीची घडी घालून राखीव खेळाडू चैतालीला दिली, कारण आता प्रेरणाच्या जागी तीच खेळणार होती. घरी येईपर्यंत मला रडू आवरेना, नुसत्या संतापाचं रडू.

पंधरा दिवसांनी शाळेच्या नावापुढं 'इंटरनॅशनल' लागलं. वराळे फाट्यावर भलामोठा फ्लेक्स: 'आमचे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी'. खाली फोटो एकच, आधीच्या सामन्यातला, कबड्डीच्या जर्सीतली प्रेरणा.

सासूबाईंना वाचता येत नाही. फोटो बघून त्या हरखल्याच. "बग गं, घेतलीच की शेवटी पोरीला टीममदी!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात प्रेरणानं माझा हात दाबला.

"व्हय आजी," ती म्हणाली, "घेतली."