शेळीबाईंचा आवाज

ज्यांना आपण सांभाळले त्यांनीच आपल्याला ओळखू नये, हे दुःख लहान नव्हे; आणि त्याबद्दल त्यांना दोष न देणे, हा धर्म त्याहून कठीण. बालवर्गाच्या बाईंपुढे त्या सकाळी ही दोन्ही एकदमच उभी राहिली.

"अहो, हा आवाज ऐकून पोरं रडतील," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "धाकट्या बाईंनी वर्ग छान सांभाळलाय. तुम्ही आता कार्यालयातच बसा ना."

घशाच्या शस्त्रक्रियेनंतर बाई प्रथमच शाळेत आल्या होत्या. आवाज मात्र परतला नव्हता; लाकडावर कानस फिरवावी तशी खरखर तेवढी उरली होती. मुलांनी ती अजून ऐकली नव्हती.

"आज शेळीची गोष्ट घेऊ द्या," बाई म्हणाल्या. "त्यांनी दार नाही उघडलं, तर मी आपणहून कार्यालयात येते."

शेळी रानात चरायला निघते आणि पिल्लांना बजावते, माझ्यावाचून कुणाला दार उघडू नका. मग लांडगा येतो, पायाला पीठ फासतो आणि आईचा आवाज काढतो. या एका जुन्या कथेवर बाईंनी वर्षानुवर्षे बालवर्ग शिकवला होता. बाटल्यांची झाकणे ही पिल्ले. ती मोजता मोजता अंक येत. कापूस हा आईचा पाय आणि काथ्या लांडग्याचा; डोळे मिटून हातानेच ओळखायचे. सरतेशेवटी बाईंच्या यजमानांनी फ्रिजच्या खोक्यातून कापून दिलेले घर. त्याच्या दाराआडून बाई बोलत आणि आतली मुले आवाज ओळखत. मोठी झालेली मुले बाजारात अजूनही "शेळीबाई" म्हणून हाक मारीत, तेव्हा यजमान पिशवी सावरत म्हणत, "थांबा, तुमचा कळप आला."

धाकट्या बाईंनी मुलांना खोक्याच्या घरात बसवले. दाराला आतून दोरीची गाठ होती. बाई हलकेच बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

"बाळांनो, दार उघडा. आई आलीय."

आत मुले दारापासून मागे सरकली.

"लांडगा आहे," एकजण म्हणाला.

"सर्दी झालेला लांडगा."

"ए लांडग्या, पाय दाखव."

बाईंनी फटीतून हात आत घातला. मुलांनी तो चाचपला.

"मऊ आहे रे."

"पीठ लावलं असेल. लबाड असतो तो."

त्यांचे काही चुकले नव्हते. बाईंनीच तसे शिकवले होते.

धाकट्या बाईंना राहवेना. "अरे, त्या आपल्या..." एवढे त्या बोलल्या, तोच बाईंनी मानेने नको म्हटले. सांगून मिळणारी ओळख त्यांना नको होती. गुडघ्यावर हात टेकून त्या जमिनीवर बसल्या आणि वाट पाहू लागल्या. मागे उभ्या असलेल्या मुख्याध्यापिकांनी घड्याळाकडे पाहिले.

आतल्या मुलांत एक मुलगी होती. बुटांचे बंद बांधायला तिला इतका वेळ लागे की घरी तिला गोगलगाय म्हणत. शाळा सुटल्यावर सगळे निघून जात आणि बाई तिच्याजवळ बसून राहत. बंदांना मात्र स्वतः हात लावीत नसत.

"गेला का गं लांडगा?" कुणीतरी विचारले.

तिने फटीतून पाहिले. "खाली बसलंय कुणीतरी."

"मग लांडगाच बसला असेल."

"लांडग्याला भूक लागलेली असते. तो कशाला थांबेल?" तिने पुन्हा फटीला डोळा लावला. "आपल्या बाई थांबतात."

मग सगळेच दोरीला झोंबले आणि गाठ अधिकच आवळली.

"सोडा. मी काढते."

"लवकर काढ ना गं!"

"घाई नाही करायची. बाई आहेत ना बाहेर."

बऱ्याच वेळाने दार उघडले.

"बाई, तुमचा आवाज कुठे गेला?" तिने विचारले.

"आजारपणात गेला."

"परत येईल?"

"नाही गं."

"बरं," ती म्हणाली, आणि बाईंना आत बसता यावे म्हणून थोडी सरकली.

मुख्याध्यापिका दाराशी वाकल्या. "गाणी तेवढी धाकट्या बाईंकडे द्या," त्या म्हणाल्या. "वर्ग तुमचाच."

ज्यांच्या हातून गाठ सावकाश सुटते, त्यांच्यासाठी दाराबाहेर कुणीतरी बसलेले असो. आणि जे असे बसून राहतात, त्यांना आत जागा मिळो.