नंबराची पाटी नसलेली गाडी

निजामाच्या राज्याची शेवटची चार-पाच वर्षं राहिली होती, तेव्हाची गोष्ट. सेलूच्या रस्त्यावर जिल्ह्याच्या तालुकदारसाहेबांची मोटार बैलगाड्यांच्या गर्दीत अडकली आणि साहेबांना अर्धा तास उन्हात बसावं लागलं. आठ दिवसांत हुकूम सुटला : प्रत्येक गाडीला पत्र्याची नंबराची पाटी हवी, गाडी डाव्या अंगानंच चालवायची, हुकूम मोडेल त्याला जुर्माना.

सेलूच्या नाक्यावरच्या बन्सीधर जमादाराला हा हुकूम फार मानवला. चोर धरायचा म्हणजे रानोमाळ हिंडा, आणि तो सापडेलच असं नाही. गाडी मात्र आपल्या पायानं नाक्यावर येते. त्यानं रस्त्याच्या मधोमध चुन्याची रेघ ओढून घेतली, लिंबाखाली खुर्ची टाकली आणि महिन्याला दोन-दोन पावतीबुकं संपवू लागला. ठाण्याचे अमीनसाहेब खूश, वरचे साहेबही खूश.

एका बाजारच्या दिवशी फाट्यापलीकडच्या खेड्यातली धुरपताबाई तूर घेऊन सेलूला आली. नवरा मुंजाजी तापानं आडवा झालेला, म्हणून गाडी तिनंच हाकली होती. तूर विकून, मीठ घेऊन ती परत आली तर चिंचेखाली गाडी नाही आणि बैलही नाहीत. तिच्या गाडीची पाटी तेवढी मातीत पडलेली, खिळ्यांसकट उपटलेली. ती पाटी घेऊन ती पळतच नाक्यावर गेली.

“जमादारसाहेब, माझी गाडी चोरीला गेली वो!”

बन्सीधर पावती लिहीत होता. मान वर न करता त्यानं विचारलं, “कुठं सोडली होती?”

“बाजारामागं, चिंचंखाली.”

“रेघेच्या डाव्या अंगाला का उजव्या?”

“तिथं रेघ न्हाई, साहेब. ही बघा पाटी. चोरानं उपटून टाकली.”

आता त्यानं मान वर केली. “पाटी गाडीवर पाहिजे. हातात घेऊन कशी काय हिंडायलीस?”

मग त्यानं समजावून सांगितलं. चोरीची रपट अमीनसाहेबच घेतात, ते दौऱ्यावर आहेत. आल्यावर अर्ज लागेल, तोही उर्दूत. शिवाय गाडी तुझीच, असं शपथेवर सांगणारे दोन साक्षीदार आण.

धुरपताबाई पाटी घेऊन रस्त्याच्या कडेला बसली. तेवढ्यात फाट्याकडून आलेला एक गाडीवान तिला ओळखून थांबला. मोडक्या शिंगाचा तुमचा बैल आत्ताच वाटेत दिसला, म्हणाला. गाडी भुजंग हाकायलाय. भुजंग कोण, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं. एक नाक्यावरच्यांना तेवढं नव्हतं.

ती पुन्हा जमादारापुढं उभी राहिली. “साहेब, चोरीचं ऱ्हाऊ द्या. एक गाडी फाट्याकडं जायलीय. तिला नंबराची पाटी न्हाई.”

“पाटी न्हाई?”

“न्हाई. आन् उजव्या अंगानं चाललीय.”

बन्सीधर ताडकन उठला. टोपी चढवली, पावतीबुक खाकेत मारलं, सायकलवर टांग टाकली. एवढ्या लगबगीनं जाताना त्याला कुणी कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या मागोमाग धुरपताबाई फाट्याकडं निघालेल्या एका गाडीत चढली.

दोन कोसांवर तिनं जमादाराला आणि भुजंगाला गाठलं, तोवर पावती फाडून झाली होती. भुजंगानं निमूट जुर्माना भरला होता.

“हीच माझी गाडी, साहेब! धरा त्याला!”

जमादारानं पावतीवर बोट ठेवलं. “हे बघ. गाडीचा मालक, भुजंग. सरकारी कागद हाय.”

“त्यानं सांगितलं न् तुमी लिवलं?”

“मग काय मी सांगू त्याचं नाव?”

भुजंगानं पावती कपाळाला लावून पटक्यात खोचली. आजवर कुठल्याच मालाचा असा पक्का कागद त्याच्या हाती आला नव्हता. जमादाराला रामराम घालून त्यानं गाडी अगदी शिस्तीत डाव्या अंगानं हाकली.

फाट्यावर दुसरा नाका. तिथल्या पोलीस जवानानं त्याला अडवलं. भुजंगानं पावती दाखवली. “ती सेलूच्या नाक्याची,” जवान म्हणाला. “इथली वेगळी.” भुजंगानं कनवटीला होतं ते दिलं. जिंतूरच्या रस्त्याला लागतो तोच तिसऱ्या जवानानं हात केला. आता चोर वैतागला. असा धंदा त्याला परवडणारा नव्हता. पैसे घेऊन येतो म्हणून तो ज्वारीत शिरला, तो तिकडूनच पसार झाला.

धुरपताबाई पोचली तेव्हा गाडी रस्त्यात आडवी उभी होती. पलीकडं एक मोटार भोंगा वाजवत होती. भोंगा ऐकून बन्सीधरही सायकल दामटत घामाघूम होऊन आला.

“कुणाची गाडी ही? मालक कोण?”

जमादाराची नजर फिरत फिरत धुरपताबाईवर आली. “ए बाई, तुझीच ना ही?”

“तुमच्या कागदावर तर भुजंग मालक हाय.”

“कागद ऱ्हाऊ दे. रस्ता अडवलाय. जुर्माना भर.”

“मंग साक्षीदार आणू का दोन?”

“साक्षीदार कशाला? मला दिसत न्हाई का गाडी तुझी हाय ते?”

“आधी तसं लिवा,” ती म्हणाली. “मालक धुरपताबाई. लिवून मोठ्यानं वाचा.”

त्यानं लिहिलं, वाचलं. तुरीच्या पैशातून तिनं जुर्माना भरला. बैल तरी दावणीला येणार होते. जाता जाता तिनं विचारलं, “आता तरी चोरीची रपट लिवता का?”

“गाडी तर मिळाली,” बन्सीधर म्हणाला. “आता चोरी कुठंय?” त्या वर्षीही सेलूच्या दप्तरात गाडीचोरी एकही नव्हती, आणि त्याबद्दल जमादाराला शाबासकी मिळाली.

घराकडं जाताना धुरपताबाईला गाडीत कडब्याखाली एक फडकं सापडलं. भुजंग आपली शिदोरी विसरला होता : दोन भाकरी, लाल मिरचीचा ठेचा, कांदा. तिच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. एक भाकर तिनं मोडून दोन्ही बैलांना दिली आणि दुसरी स्वतः खाल्ली. भाकर पातळ होती, नीट भाजलेली. चोराच्या बायकोच्या हाताला चव हाय, असं तिला वाटलं, आणि दिवसभरात पहिल्यांदा ती हसली.