चिंध्या निजल्या ती सकाळ

"तू चिंध्यांवरची नजर काढू नको," असं मला सांगून हे पुढं फय्याजच्या शेजारी बसले आणि जीप मेहकरच्या रस्त्याला लागली.

मी मागच्या बाकावर उशांना टेकून, मागच्या काचेकडं तोंड करून बसले होते. काचेतून आमचा डबा दिसत होता. डबा म्हणजे जीपला जोडून ओढायचं चाकांवरचं घर. आत पलंग, ओटा, शेगडी. केनवडच्या बाजारात आमचं कापडाचं दुकान. दुकानातल्या साडीच्या लाल फॉलच्या वीतभर पट्ट्या ह्यांनी डब्याच्या तोंडावर नुसत्या वरच्या टोकानं चिकटवल्या होत्या. पट्टी जिथं शांत पडून राहील तिथून वारा सरळ निघून जातो, आणि जिथं ती थयथयाट करील तिथं तो आदळून डब्याला मागं लोटतो, असा त्यांचा अंदाज. जन्म कापडात गेलेल्या माणसाला वारा बघायलाही कापडच लागलं.

"काय म्हणतात?" ह्यांनी विचारलं.

"खालच्या निजल्या. वरच्या अंगात आल्यावानी करून राह्यल्या."

फय्याज हसला. त्याचं वेल्डिंगचं दुकान आमच्या मागच्याच गल्लीत. डबा त्यानंच बांधला होता. "वरच्यांचंच दुखणं आहे, काकी. वारा जीपच्या टपावरून येते अन् सरळ भिताडावर आदळते. डबा फूटभर बुटका असता तर..."

"तेवढं सोडून बोल," हे म्हणाले.

मी ह्यांच्यापेक्षा उंच. लग्नात माळ घालताना ह्यांच्या मामांनी ह्यांना पाटावर उभं केलं, तेव्हा मांडवभर हशा पिकला होता. पुढं लोक दुलीचंदची बायको म्हणत नसत, दुलीचंदची शिडी म्हणत. सासरच्या स्वयंपाकघराचं दार बुटकं. त्याखालून मी सारा जन्म वाकून गेले, आणि घाईत विसरले की कपाळाला टेंगूळ. शेवटी कंबर गेली. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, वाकायचं नाही, फार वेळ बसायचं नाही.

त्यातच जिजींचा निरोप आला. जिजी माझी थोरली बहीण. तरुणपणीच दीक्षा घेऊन आर्यिका, म्हणजे जैन साध्वी झालेली, अनवाणी देशभर फिरलेली. आता कुंथलगिरीला त्यांनी सल्लेखना घेतली होती, एकेक अन्न सोडत देह ठेवायचं व्रत. धान्य सुटलं होतं, ताकावर आल्या होत्या. मला एकदा त्यांचं दर्शन हवं होतं, एवढंच. पण तिथवर बसून जाणं माझ्यानं होणार नव्हतं. शिवाय माझा नेम: आपल्या चुलीवरचं खायचं, विहिरीचं गाळलेलं पाणी प्यायचं, आणि दिवस मावळायच्या आत. पुण्याहून आमचा मुलगा मयंक म्हणाला, ॲम्ब्युलन्स करतो. त्यावर हे चिडले. "जित्या माणसाले ॲम्ब्युलन्सीत घालून दर्शनाले नेऊ काय?"

म्हणून हा डबा. थांबत थांबत जायचं, थांबलं की मी आत जाऊन आडवी व्हायची, उभ्यानं स्वयंपाक करायचा. फय्याजच्या दुकानात ह्यांनी मला भिंतीशी उभं केलं आणि कापडावर खूण करायच्या खडूनं माझ्या डोक्यावर रेघ मारली. मग त्या रेघेवर स्वतःची वीत ठेवली आणि दुसरी रेघ मारली. "अंबाड्याले बी जागा पाह्यजे," म्हणाले. छत तिथं बसलं, आणि दारही मला वाकावं लागू नये इतकं उंच.

पहिल्यांदा निघालो तेव्हा वैशाखातला पश्चिमेचा वारा तोंडावर होता. मेहकरच्या पुढं जीप ओढेना. इंजिन तापायचं, ते निवेपर्यंत झाडाखाली थांबायचं. ट्रक शेजारून गेला की डबा गदगदा हलायचा. अर्धा दिवस असाच गेला. मी वरण-भात केला, ताट वाढलं, आणि ह्यांनी दारातून पश्चिमेकडं पाहिलं. सूर्य नुकताच बुडाला होता. ह्यांनी ताटावर ताट झाकलं आणि माझ्या शेजारी येऊन बसले. दोघंही उपाशी निजलो. सकाळी फय्याजनं गाडी माघारी वळवली. म्हणाला, सपाटीवर हे हाल, तर घाटात काय?

केनवडला आल्यावर त्यानं पुन्हा सांगितलं, छत फूटभर उतरवू, एका दिवसाचं काम. हे ऐकेनात. जीपच्या टपावर उतरत्या पत्र्याचं टोपरं बसवू म्हणाले, वारा त्यावरून वर चढून डब्याच्या डोक्यावरून जाईल. डब्याचे पुढचे कोपरे गोल करायचे, त्याच्या टपावरची पाण्याची टाकी पलंगाखाली घ्यायची, जीप आणि डबा यांतलं अंतर कमी करायचं. सगळं बरोबर होतं, पण वेळ खाणारं. टोपरं आधी फार ठेंगणं झालं, मग फार उभं. अंतर कमी केलं तर वळणावर डबा जीपला घासायला लागला. ते पुन्हा वाढवलं. प्रत्येक वेळी चिंध्या, प्रत्येक वेळी मेहकरचा रस्ता. तिकडं जिजींनी ताक सोडलं, नुसत्या पाण्यावर आल्या.

मी एका संध्याकाळी म्हटलं, "कापून टाका न ते छत. मी वाकीन. सवय हाये मले."

"म्हणूनच नाही," हे म्हणाले.

आणि मग ती सकाळ. वारा तसाच होता, रस्ता तोच. फय्याजनं वेग वाढवला. मी लवून वर पाहिलं. सर्वांत वरची ओळसुद्धा पत्र्याला अंग टेकून पडली होती, तान्ही लेकरं निजावीत तशी.

"साऱ्या निजल्या," मी म्हटलं.

ह्यांनी मागं वळून पाहिलं नाही. खिडकीकडं तोंड केलं आणि खिशातला रुमाल काढला. रुमाल परत खिशात ठेवून म्हणाले, घरी जाऊ, पाणी भरू, पीठ घेऊ आणि लगेच निघू.

घराशी जीप थांबली तेव्हा फोन वाजला. कुंथलगिरीहून होता. जिजींची पहाटेच समाधी झाली होती.

समाधीवर रडत नाहीत. मी णमोकार म्हणत उभी राहिले. हे डब्याच्या पायरीवर बसले. तिथूनच त्यांनी विचारलं, "फूटभर कापलं असतं तं पोचलो असतो काय?"

फय्याज खाली बसून पाने-पकडी गोळा करू लागला.

"नाही," मी म्हटलं. "वाराच लय होता."

ह्यांनी मान हलवली. कापड हातात घेतल्याबरोबर त्याचा पोत ओळखणारा माणूस. पण माझं उत्तर त्यांनी उलगडून पाहिलं नाही.

डबा पुन्हा जोडला गेला नाही. जायचं तरी कुठं होतं? अशीच काही वर्षं गेली, आणि यंदाच्या माघात हे गेले, दुपारी दुकानातच, गादीवर बसल्या बसल्या.

परवा मयंक आला. रिसोडच्या एका माणसाला डबा चहा-नाश्त्याच्या गाडीसाठी हवा आहे. फक्त उंच फार आहे, फूटभर कापावा लागेल, असं तो म्हणतो. मयंकनं फय्याजला विचारलं. फय्याज म्हणाला, "कापायले दुसरा पाहा, भाऊ," आणि दुकानात निघून गेला.

मी काठी टेकत अंगणात गेले. चिंध्या अजून होत्या, उन्हानं फिकट गुलाबी झालेल्या. पायरी चढून आत उभी राहिले आणि हात वर केला. आता अंबाडा नाही, चार केस उरलेत. पाठही झुकली आहे. वीतभरापेक्षा जास्त जागा राहते.

"आई, काय सांगू त्यांले?" मयंकनं बाहेरून विचारलं.

"देऊन टाक. पण कापायचं ते तिकडं नेऊन कापा म्हणा."

मी बाहेर निघाले. दारात आल्यावर सवयीनं वाकले. मग आठवलं, आणि पाठ जेवढी सरळ होते तेवढी सरळ करून मी दारातून बाहेर आले.