दुसरं बटण

मी फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. ताई मला लहानपणापासून ठिणगी म्हणायची. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी, आणि शिवणकाम मला तिनंच शिकवलं. आम्ही दोघी एकाच खोलीत राहतो, खाली दुकानं आणि वर आम्ही. मी मशीनवर असते, ती खिडकीशी बसून शर्टांना बटणं लावते. चार वर्षांपूर्वी तिची नजर गेली, पण हात शाबूत आहेत. बोटांनी जागा चाचपून ती बटण असं लावते की डोळे असलेल्या माणसानं बघत राहावं.

बटणं खालून वर लावायची, ही ताईची पद्धत. पहिलं बटण घेराकडचं, शेवटचं कॉलरचं. वरून सुरुवात केली की खाली घोळ होतो, असं तिचं म्हणणं. मी नवीन शिकत होते तेव्हा ती "दुसरं उसव" म्हणाली आणि मी वरचं दुसरं उसवलं. हातावर लाकडी पट्टी बसली होती. आता मीसुद्धा खालूनच लावते.

ताईची देवावर श्रद्धा. माझी नाही. नवरा गेला त्या वर्षी मी देवाशी बोलणं टाकलं, आणि त्यानंही कधी माझी विचारपूस केली नाही. दर आठवड्याला प्रार्थनाघरातल्या दोन बायका ताईला न्यायला यायच्या. ती तासभर आधीच आवरून दाराशी बसायची. ती गेली की खोलीत मी आणि मशीन. कबूल करते, त्या बायकांवर माझा राग होता. त्यांना ताई मिळायची आणि मला काहीच नाही.

निवडणूक आली आणि घरात भांडणाला तोंड फुटलं. प्रवचनकारांनी भर प्रार्थनेत सांगितलं होतं की आपल्या माणसांनी शिडीवरच मत द्यायचं. शिडीवाला उमेदवार म्हणत होता, दुसऱ्या धर्माच्या लोकांची दुकानं या बाजारात नकोत, त्यांनी नदीपलीकडे जावं. म्हणजे आमचा दोरेवालाही गेला. वीस वर्षं तो आमच्या जिन्याच्या पायथ्याशी बसतो. ताईला रंग दिसेनासे झाले तेव्हापासून तो रिळाच्या टोकाला गाठी मारून देतो. एक गाठ पांढरा, दोन गाठी काळा, तीन निळा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. अख्ख्या दिवसात आमच्याशी चार शब्द बोलणारा तो एकटाच. किटलीवाली उमेदवार म्हणत होती, कुणीही कुठंही जाणार नाही. माझं मत तिथंच ठरलं.

मी ताईला सुनावलं की देवाचं नाव मतदारयादीत नाही, त्याला या भानगडीत ओढू नकोस. देवाच्या नावानं मतं द्यायला लागलो तर माणसांनी जायचं कुठं, असंही बोलले. बोलले म्हणजे ओरडलेच.

ताईनं दात लावून दोरा तोडला. "मग मत द्यायला जाताना माझा देव कुठं ठेवू? तो काय छत्री आहे, दाराशी टेकवून आत जायला?"

ठेव माझ्याजवळ, म्हटलं. ती हसली नाही. पण तुझा देव तुला या बाबतीत काय सांगतो, हे मी तिला एकदाही विचारलं नाही. प्रवचनकार बोलले म्हणजे ताईनं मान डोलावलीच, असं मी धरून चालले.

आदल्या दिवशी मी तिला उमेदवारांची यादी वाचून दाखवली. शेवटचं ‘नोटा’ धरून सहा नावं होती. एकेका नावासरशी तिनं टेबलावर एकेक बटण मांडलं, एकाखाली एक, सरळ रांगेत. शिडी दुसरी, किटली पाचवी. मग तिनं रांगेवरून दोनदा बोट फिरवलं, मनाशी काहीतरी मोजलं आणि बटणं डबीत टाकली.

मतदान शाळेत होतं. दिसत नसलेल्या माणसासोबत एकाला आत जाता येतं, पण आधी कागदावर सही करावी लागते, की मतदार सांगेल तसंच मत देईन आणि कुणाला सांगणार नाही. मी झोकात सही ठोकली. आधी माझं मत दिलं, मग ताईला पुठ्ठ्याच्या आडोशामागे घेऊन गेले. नाव मोठ्यानं घ्यायचं नाही असं तिथल्या अधिकाऱ्यानं बजावलं होतं. ताईनं माझ्या कानाशी तोंड आणलं.

"दुसरं," ती म्हणाली. "आणि ठिणगे, माझंच ऐक."

माझं डोकंच फिरलं. समोर दुसऱ्या बटणाशेजारी शिडी होती. दोरेवाल्याच्या गाठी बोटांनी चाचपणारी माझी बहीण त्यालाच नदीपलीकडे पाठवायला निघाली होती, कारण कुणीतरी देवाचं नाव घेऊन तिला सांगितलं होतं. मी पाचवं बटण दाबलं. मशीन वाजलं. झालं का, तिनं विचारलं. झालं, म्हटलं. तिनं माझा दंड घट्ट धरला आणि आम्ही बाहेर आलो.

निकाल लागेपर्यंतचे दिवस काही सरेनात. ताईला दिसत नाही, तरी मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. त्या दोन बायका फिरकल्या नाहीत. गुडघा दुखतोय, मीच येऊ नका म्हटलं, असं ताईनं सांगितलं आणि मला ते खरं वाटलं. मनातून जरा बरंही वाटलं.

निकालाच्या दुपारी दोरेवाला धापा टाकत जिना चढून आला. किटली आली होती, तीही हजारोंच्या फरकानं. आमच्या दोन मतांवाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. तो खाली गेला तशी ताई स्वतःशीच हसली.

"आली आपली किटली."

आपली कुठली, मी विचारलं. तेव्हा तिनं सगळं सांगितलं. मतदानाच्या आधीच्या आठवड्यात तिनं प्रवचनकारांना तोंडावर सांगितलं होतं, की जो माणूस मला बोटांनी रंग दाखवतो त्याला हाकलून मी देवापुढे कुठल्या तोंडानं बसू. देवाला विचारूनच ठरवलंय, असंही म्हणाली होती. त्यावर ते म्हणाले, मग घरीच बसा. गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. तिला न्यायला कुणी येणारच नव्हतं.

"पण तू दुसरं म्हणालीस," मी म्हटलं.

"दुसरंच की. खालून दुसरं. बटणं वरून मोजायला तुला कधी शिकवलंय मी?"

मग ती बराच वेळ बोलत राहिली. परक्याच्या हाती मत द्यायचं म्हणजे जिवाला घोर, पण तू होतीस म्हणून मी निर्धास्त होते. माझ्या देवाशी तुझं पटत नाही, तरी माझा शब्द तू मोडायची नाहीस, हे ठाऊक होतं मला, म्हणाली.

तेव्हा मी गप्प बसू शकले असते. मत हवं तिथं पडलं होतं, दोरेवाला जागेवर होता, कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण ते कौतुक मला गिळवेना. मी सांगून टाकलं. मला शिडीच वाटली होती, आणि म्हणूनच मी तुझं ऐकलं नाही.

ताईनं सुई शर्टाला टोचून ठेवली.

"म्हणजे मी मत दिलंच नाही."

"अगं, पण तुला हवं तिथंच पडलं ना ते?"

"ते माझं नव्हतं," ती म्हणाली. "ते तुझं दुसरं मत होतं."

ती चिडली नाही. चिडली असती तर मी भांडले असते, रडले असते, काहीतरी झालं असतं. तिनं सुई उचलली आणि राहिलेली बटणं लावली. त्या मताच्या पायी तिनं प्रार्थनाघर सोडलं होतं, आणि ते मत मी तिला देऊच दिलं नव्हतं. मला फार लाज वाटली. अजून वाटते.

आता प्रार्थनेच्या दिवशी ती आवरून बसते आणि भिंतीकडे तोंड करून पुटपुटते. मी मशीन बंद ठेवते. तिनं तसं कधी सांगितलेलं नाही. आलेली पत्रं ती दोरेवाल्याकडून वाचून घेते.

परवा पुढच्या निवडणुकीची चिठ्ठी आली. माझ्यासोबत आत याल का, असं ताईनं माझ्यादेखत दोरेवाल्याला विचारलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली, तेव्हा तो हो म्हणाला. तो खाली गेल्यावर ताईनं मला हाक मारून कात्री मागितली. नावानं हाक मारली. हल्ली नावानंच मारते.