चिंचा गिळलेले धुराडे

मी एक जुने धुराडे आहे, मित्रांनो. माझ्याभोवतीचा जिन, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, कधीच मोडीत निघाला, मी मात्र मोताळ्याच्या वाटेवर एकटेच उभे आहे. मागच्या महिन्यात चार प्रतिष्ठित माणसे आली आणि माझ्याकडे मान वर करून म्हणाली, "ही आपल्या गावाची शान." तेव्हापासून माझ्या अंगाची आग आग होते आहे. शान? कशाची? ऐका तर.

वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताबरोबर चालायचा, त्या काळी हिंमतरावांनी हा जिन उभारला. नाल्याकाठच्या भट्टीत माझ्या विटा भाजल्या. मलकापूरच्या स्टेशनावरून बैलबंड्या भरभरून कोळसा यायचा. कडूबा आगवाला तो फावड्याने बॉयलरखाली लोटायचा. माझ्या तोंडून काळा धूर निघाला, की पेठेतली माणसे म्हणायची, गावाचे दिवस पालटले.

जिनाच्या कुंपणाला लागून मनकर्णाबाईचा भाजीचा मळा होता. मळ्याच्या कडेला, नाल्याच्या काठावर, हिंमतरावांच्या मालकीच्या जुन्या चिंचा ओळीने उभ्या होत्या. एके दिवशी मनकर्णाबाई टोपलीभर मेथी घेऊन आली आणि तिने ती हिंमतरावांच्या पांढऱ्या गादीवर ओतली. गादी काळी झाली.

"पाहा मालक, तुमच्या चिमनीची काजळी. बाजारात कोनी हातबी लावून नाही राह्यलं माह्या भाजीले."

हिंमतराव हसले. "चिमनी उंच करतो, बाई. मंग तुमच्या मेथीवर कनभरबी पडनार नाही."

"मंग तो धूर जाईन कुठी?"

"आभाळात! आभाळ भरून जाते काय?"

सगळे खो खो हसले. माझ्यावर विटांचे नवे थर चढले. काजळी दूरच्या शेतांत पडू लागली आणि तक्रार मिटली. पण मित्रांनो, काजळी डोळ्यांना दिसते, पावसाने धुतली जाते. तिच्याबरोबर माझ्या तोंडून एक वायू निघे, ज्याला ना रंग, ना वास. तुमच्या पुस्तकातला कार्बन डायऑक्साइड तो हाच. त्याला कोण धुणार? आज माझ्या सावलीत शाळेतल्या बाई मुलांना शिकवतात, की हा वायू उन्हाला आत येऊ देतो, पण तापलेल्या जमिनीची ऊब बाहेर निघाली की ती अडवतो. त्यातला बराचसा शेकडो वर्षे हवेत राहतो. म्हणजे हिंमतरावांनी वर ढकललेल्या धुरातले काही अजून तुमच्या डोक्यावर आहे!

पुढे महायुद्ध आले आणि कोळसा मिळेना. हिंमतरावांची नजर चिंचांवर गेली. कुऱ्हाडी आल्या, तेव्हा मनकर्णाबाई बुंध्याला पाठ लावून बसली.

"आधी मले तोडा."

"जिन बंद पडला त शंभर घरच्या चुली विझतीन, समजते का तुमाले?" हिंमतराव गरजले.

"जिनासाठी दुसरं लाकूड पाहा, मालक. या चिंचाईनं नाल्याचा काठ धरून ठेवला. ह्या गेल्या त माहा मळा गेला."

त्या दिवशी माणसे परत गेली. पण बाजाराच्या दिवशी मनकर्णाबाई भाजी विकायला गेली आणि मागे चिंचा आडव्या झाल्या.

रिकामी टोपली घेऊन ती थेट बॉयलरपाशी आली. तिने कडूबाला एवढेच विचारले, "हे लाकूड तू टाकतं काय, बापू?"

कडूबाने उचललेला ओंडका खाली ठेवला. "नाही टाकत, काकी."

त्याला त्याच दिवशी हाकलून दिले. दुसरा माणूस आणला आणि बॉयलर धडधडला. चिंचांनी जन्मभर हवेतून ओढून लाकडात साठवलेला कर्ब काही दिवसांत माझ्या नरड्यातून हवेत गेला. आणि तो पुन्हा ओढून घेणारी झाडे तरी कुठे उरली होती? घाण उचलणाऱ्यालाच जाळले होते!

पावसाळ्यात नाल्याचा उघडा काठ खचला, अर्धा मळा वाहून गेला. हिंमतराव म्हणाले, "देवाची करनी." देवाची? कुऱ्हाड काय देवाच्या हातात होती?

मनकर्णाबाई रडत बसली नाही. तिने कडूबाला उरलेल्या मळ्यात कामाला घेतले. दोघांनी मिळून काठावर चिंचोके रोवले, उन्हाळाभर डोक्यावरून पाणी वाहून घातले. जिन बंद पडला, माझ्या भेगांत पिंपळ उगवला, त्या चिंचा मात्र वाढत राहिल्या. आता उन्हाळे पूर्वीपेक्षा जास्त भाजतात. पाऊस एक तर पाठ फिरवतो, नाही तर अंगावर धावून येतो. जगभरच्या माझ्या भाऊबंदांनी हे करून ठेवले आहे, आणि त्यांची पिलावळ अजून धूर ओकतेच आहे.

आणि ती प्रतिष्ठित माणसे मला रंग देणार आहेत, पाटी लावणार आहेत! पाहुण्यांच्या गाड्या माझ्यापर्यंत याव्यात म्हणून रस्ता रुंद करायचा आहे. काल कुणीतरी मनकर्णाबाईच्या चिंचांवर लाल रंगाच्या फुल्या मारून गेले.

मित्रांनो, मला जोडायला हात नाहीत, म्हणून ओरडावे लागते. माझ्यासाठी एक फांदीही तोडू देऊ नका. रस्ता रुंदच हवा असेल, तर मला पाडा. माझ्या विटा चांगल्या भाजलेल्या आहेत. नाल्याचा काठ बांधायला कामी येतील.