शिशावर ढकललेलं भांडण

रेडिएटर दुरुस्तीच्या त्या दुकानात दोन सख्खे भाऊ आठ महिने एकमेकांशी बोलत नव्हते. दुकान जेमतेम दहा फूट रुंद. त्यात पाण्याचा एक हौद, दोन गॅसच्या बत्त्या आणि हे दोघे. अबोला धरायला माणसाला थोडी तरी जागा लागते, ती तिथे नव्हती. तरी दोघांनी तो नेटाने निभावला.

कारण विचाराल तर लांब चोचीची एक पक्कड. ती हरवली. दादा म्हणाला, धाकट्यानेच कुठेतरी टाकली. धाकटा म्हणाला, दादाला सकाळचं दुपारी आठवत नाही. त्यावर दादाने हातातला ब्रश हौदात भिरकावला, धाकट्याने बादलीला लाथ घातली आणि त्या दिवसापासून सगळं बोलणं गिऱ्हाइकांमार्फत सुरू झालं.

"साहेब, तुमच्या मागे जे गृहस्थ उभे आहेत ना, त्यांना सांगा, नळी आधी घासून घ्या म्हणावं."

ट्रकवाला मागे वळायचा. "नळी घासून घ्या म्हणतात."

"त्यांना म्हणावं, घासलीय. डोळे असतील तर बघा."

"घासलीय म्हणतात. डोळ्यांचं मी सांगत नाही."

घरी वहिनी, म्हणजे दादाची बायको, दोन वेगळे डबे भरायची. धाकट्याने लग्न केलेलं नव्हतं, तो त्याच घरात वरच्या खोलीत राहायचा. एकाच डब्यात दोघांचं जेवण दिलं असतं, तर दोघे उपाशी मेले असते, पण 'घे' म्हणाले नसते, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

कामात मात्र दोघेही वाघ. गाडीचं पाणी थंड ठेवणारी ती पितळी जाळी हौदात बुडवायची, तिच्यात हवा भरायची, बुडबुडे येतील तिथे भोक. भोकावर शिसं-कथलाची तार वितळवून डाग द्यायचा. शिसं दोघांचं लाडकं. थोड्या आचेवर पाघळतं, म्हणाल तिथे बसतं, गंजत नाही. इतकं मऊ की नखाने ओरखडा उठतो, कागदावर ओढलं तर पेन्सिलीसारखी रेघ येते. धाकट्याचे दोन्ही हात अडकलेले असले की तो तार दातांत धरायचा. दादाने तर उरलेलं शिसं ओतून पाच वर्षांच्या नातीला हत्ती करून दिला होता. अंगठ्याएवढाच, पण फ्रॉकचा खिसा लोंबायला लावणारा. नात तो दिवसभर सांभाळायची, आणि खिसा नसला की गालात ठेवायची.

मग दादाचं पोट दुखायला लागलं. साधं नाही, आतून कुणी पिळा घालावा तसं. चार-चार दिवस पोट साफ होईना, सांधे ठणकायचे, तोंडाला सतत गंजल्यासारखी चव. कुणाला, विशेषतः त्या गृहस्थांना, कळू नये म्हणून तो "टायर बघून येतो" म्हणत कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन बसला. पाच मिनिटांत धाकटा आत आला. त्यालाही टायरच बघायचं होतं. दोघे दोन भिंतींना टेकून बसले आणि डोळे तपासायचा तक्ता तोंडपाठ करत राहिले.

कंपाउंडरने आडनाव पुकारलं. दोघेही उठले.

"माझा नंबर आहे, असं त्यांना सांगा," दादा कंपाउंडरला म्हणाला.

"त्यांना सांगा, त्यांच्या आधीपासून माझं पोट दुखतंय."

डॉक्टरबाई दारात आल्या. "एकच दुखणं आहे ना? मग या दोघेही."

त्यांनी हात पुढे धरायला लावले, हिरड्या पाहिल्या, कामाचं विचारलं. "दुकानात जेवता?"

"हात पुसून जेवतो," दादा म्हणाला.

"कशाला पुसता?"

"पॅन्टला."

"आणि तुम्ही?"

"मी पण. म्हणजे माझ्या पॅन्टला." मग खरं बोलावं म्हणून धाकट्याने तार दातांत धरण्याचंही सांगून टाकलं. डॉक्टरबाईंच्या हातातलं पेन थांबलं.

चार दिवसांनी रक्ताचा रिपोर्ट आला. दादाच्या रक्तात शिसं सेहेचाळीस, धाकट्याच्या चव्वेचाळीस.

"माझं जास्त आहे," दादा म्हणाला. आवाजात किंचित अभिमान होता.

"ही परीक्षा नाही हो!" डॉक्टरबाई वैतागल्या. "शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं. धूर नाकातून जातो, धूळ हातावरून पोटात. शरीराला शिसं कॅल्शियमसारखं वाटतं, म्हणून ते हाडांत नेऊन साठवतं आणि वर्षानुवर्षं बाहेर सोडत नाही. पोटदुखी त्यानेच. शिवाय विसरायला होतं, माणूस उगाच चिडतो."

आठ महिन्यांत पहिल्यांदा दोघांनी एकमेकांकडे सरळ पाहिलं.

बाहेर रस्त्यावर दादा खाकरला. "म्हणजे त्या दिवशी मी ब्रश फेकला, तो शिशामुळे."

"माझी लाथ पण शिशाचीच," धाकटा लगेच म्हणाला. "आणि पक्कड..."

"ती कुणी हरवली, हे आता शिशालाच ठाऊक."

माफी कुणालाच मागावी लागली नाही. दोघे गप्पा मारत घरी आले तेव्हा वहिनीच्या हातातली पळी खाली पडली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, आठ महिन्यांचं शिसं म्हणता. मग आपल्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तुम्ही घड्याळ आपटलंत, ते कशामुळे?"

दादा टेकतो न टेकतो तोच नात धावत येऊन त्याच्या मांडीवर चढली. नेहमीसारखी तिने त्याच्या सदऱ्याची बटणं चाचपली आणि तीच बोटं तोंडात घातली. गाल एका बाजूने फुगलेला होता.

तिघांनाही ते एकदमच दिसलं. "थुंक! थुंक आधी!" वहिनी ओरडली. हत्ती टणकन फरशीवर पडला. धाकट्याने तो फडक्याने उचलला, आणि नातीने जे भोकाड पसरलं ते शेजारच्या दोन घरांनी ऐकलं.

तिच्या रक्तात शिसं सात निघालं. "फार नाही ना?" दादाने विचारलं.

"लहान मुलांत थोडंही चालत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "वाढतं डोकं असतं. वेळेवर कळलंय. पण घरात एक कणही नको."

दादा घरी येऊन बराच वेळ बाथरूममध्ये होता. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. साबण गेला म्हणाला.

स्वतःसाठी त्याने काही केलं असतं की नाही कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी दुकान बंद. दीड महिना कामाला हातच लावायचा नाही, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. तेवढ्या दिवसांत धूर ओढणारा पंखा बसला, हात धुवायला नळ आला, कोरडा झाडू जाऊन ओलं फडकं आलं. कामाचे कपडे दुकानातच उतरवायचे, हा वहिनीचा कायदा. दुकान पुन्हा उघडलं त्या पहिल्याच दिवशी धाकटा विसरून तसाच घरी आला, तर तिने दार उघडलं नाही. "भाऊजी, अंगणात बदला," ती खिडकीतून म्हणाली. "मी डोळे मिटते. शेजाऱ्यांचं मला सांगता येणार नाही."

नातीला लाकडी हत्ती आणला. तिने तो हातात तोलून पाहिला, "हा खोटा आहे, वजनच नाही," म्हणाली आणि तीन दिवस दोन्ही आजोबांशी कट्टी केली. चौथ्या दिवशी तिने हत्तीला पाणी पाजलं, म्हणजे तो पास झाला.

चार महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं. नातीचं तीनवर आलं होतं, दादाचं सत्तावीस, धाकट्याचं पंचवीस. पोटातले पिळे कधीच गेले होते. हाडांतलं शिसं मात्र हळूहळूच उतरणार, तेव्हा दर तीन महिन्यांनी यायचं, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं.

"दोघे बरोबर या, म्हणजे एकाच खेपेत होईल."

"बरोबरच येणार," धाकटा म्हणाला. "दादाला सुई बघून घेरी येते. हात धरायला कुणीतरी नको?"

"डॉक्टरबाई, ह्याचं ऐकू नका," दादा म्हणाला, आणि दार ओलांडताना धाकट्याला मुद्दाम कोपर मारलं.