बरणीतला स्वेटर

सर्दीनं अत्तरवाल्याचं नाक कायमचं गेलं. "वास टिपणाऱ्या पेशीच मेल्यात," डॉक्टर म्हणाले. दुकान मुलीनं सांभाळलं. पण मेलेल्या बायकोचा स्वेटर त्यानं वासासकट बरणीत जपला होता, त्याचं काय? रोज तो झाकण उघडून स्वेटर बाहेर काढायचा, त्यात नाक खुपसायचा आणि हिरमुसायचा.

शेवटी मुलीला म्हणाला, "तूच हुंगून सांग, आईचा वास येतो का?"

"बाबा, हा तुमचा स्वेटर. तंबाखूचा नुसता भपकारा."

"मग तिचा?"

"तुमच्या अंगात. कधीतरी आंघोळीआधी हुंगून भलताच कोंबला असणार बरणीत."

बायकोनं दोन्ही एकाच लोकरीचे, एकाच मापाचे विणले होते. अत्तरवाला अवघडून उभा राहिला. मग मान वाकडी करून त्यानं गळा पुढे केला. "इथे बघ गं. थोडी तरी उरली असेल."

मुलगी बराच वेळ हुंगत राहिली.